नोकरी सोडून एमएसला जावं का? व्हिसा, कर्ज आणि परतीचा हिशेब

१९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एच-१बी, म्हणजे तिथे नोकरी करू देणाऱ्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणाऱ्या आदेशावर सही केली. आपल्याकडे ती बातमी शनिवारी सकाळी पोचली. हिंजवडी, खराडी, चाकण, ऐरोलीत नोकरी करणारी आणि एमएसची, म्हणजे परदेशी मास्टर्सची, तयारी करणारी मुलं त्या दिवसापासून एकच प्रश्न विचारताहेत: आता जावं का? डिसेंबरात डॉलरनं ९० रुपये ओलांडले आणि हाच प्रश्न आईवडिलांनाही पडला.

घाबरून सोडून देणं चूक आहे आणि सगळे जातात म्हणून जाणंही चूक. या निर्णयात व्हिसाचे नियम, कर्जाचं गणित आणि स्वतःच्या कामाची दिशा एकमेकांत अडकलेली असतात, आणि घरातल्या चर्चेत ती एकाच वेळी बोलली जातात. त्यामुळे कुणालाच काही उमगत नाही. म्हणून इथे ती सुटी करून पाहू.

आधी त्या एक लाख डॉलरचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर सेवेनं स्पष्ट केलं की जो विद्यार्थी अमेरिकेतच शिकतोय आणि तिथूनच आपला विद्यार्थ्याचा दर्जा बदलून एच-१बी करून घेतोय, त्याला हे शुल्क लागू नाही. ज्याला कंपनी थेट भारतातून बोलावते, त्याला ते लागू आहे. म्हणजे सगळ्यात जास्त घाबरली ती मुलं, पण या आदेशाचा घाव मुख्यतः दुसऱ्यांवर होता. मात्र एका सहीनं नियम किती बदलू शकतात हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं, आणि पुढचा सगळा हिशेब ते लक्षात ठेवूनच करायला हवा.

एका फीमध्ये तीन गोष्टी

परदेशी मास्टर्ससाठी पैसे भरताना आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी भरत असतो. पहिली म्हणजे शिक्षण. दुसरी, त्या देशातल्या नोकरीच्या बाजारात शिरायची परवानगी. तिसरी, तिथे कायम राहण्याची शक्यता. विद्यापीठ यातली फक्त पहिली देतं. दुसरी तिथलं सरकार ठरावीक मुदतीपुरती देतं, आणि तिसरीची हमी कुणीच देत नाही.

यातली तुम्हाला नेमकी कुठली हवी आहे? प्रश्न साधा आहे, पण बऱ्याच जणांनी तो स्वतःला विचारलेलाच नसतो.

फक्त शिक्षण हवं असेल तर नोकरी सोडायचीही गरज नाही. जॉर्जिया टेकची ऑनलाइन एमएस इन कॉम्प्युटर सायन्स २०१४ पासून सुरू आहे आणि ती सुरू झाली तेव्हा पूर्ण पदवीचा खर्च सुमारे ७,००० डॉलर होता. विद्यापीठ तेच, पदवीही तीच. पण त्यावर व्हिसा मिळत नाही. मग बाकीचे लाखो रुपये आपण कशासाठी भरतो? तिथे जाऊन राहण्यासाठी आणि तिथल्या नोकरीच्या दारापाशी उभं राहण्यासाठी. त्यात गैर काहीच नाही. पण आपण दारापाशी उभं राहण्याचे पैसे भरतोय, आत घेतीलच असे नाही, हे मनाशी स्पष्ट असावं.

काही शाखांत मात्र शिक्षणच मोलाचं असतं. चिप डिझाइन, कंट्रोल सिस्टिम्स, रोबोटिक्स, मटेरियल्स, भूकंपरोधक संरचना अशा विषयांत मास्टर्स नसेल तर मुळात ज्या कामात रस आहे ते काम मिळतच नाही. असा माणूस दोन वर्षांनी कुठल्याही देशात गेला तरी त्याच्या हातात काहीतरी असतं. सहा वर्षं जावा लिहिणारा माणूस पुन्हा जावा लिहिण्यासाठीच एमएस करत असेल, तर त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो त्यानं वेगळाच मांडावा.

अमेरिकेतली वाट: पदवीनंतर नेमकं काय होतं

अमेरिकेत शिकून झालं की विद्यार्थी व्हिसावरच १२ महिने नोकरी करता येते. याला ओपीटी म्हणतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला त्यात आणखी २४ महिने मिळतात, म्हणजे एकूण ३ वर्षं. इंजिनिअरिंगच्या जवळजवळ सगळ्या शाखा यात बसतात.

या ३ वर्षांना एक अट आहे, आणि तिच्याबद्दल निघण्याआधी फारसं कुणी सांगत नाही. पहिल्या १२ महिन्यांत मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. पुढच्या वाढीव काळात आणखी ६० दिवस मिळतात. ओपीटी सुरू झाली की घड्याळ चालू होतं, नोकरी लागलेली असो वा नसो. कॉलेज संपल्यावर निवांत नोकरी शोधू, असा वेळ तिथे नसतो. शेवटच्या सेमिस्टरमध्ये परीक्षा, प्रोजेक्ट आणि मुलाखती एकदमच चालतात.

ओपीटीच्या ३ वर्षांत दर मार्चला कंपनी तुमचं नाव एच-१बीच्या सोडतीत घालू शकते. साधारण तीन संधी मिळतात. वर्षाला ६५,००० व्हिसा सर्वांसाठी असतात आणि अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००. आधी ही सोडत सरसकट होती. २०२६ पासून पदाच्या पगाराची पातळी पाहून नावांना वजन दिलं जातं: सर्वात वरच्या पातळीच्या पदाला चार चिठ्ठ्या, सर्वात खालच्या पातळीला एक. भारतातून थेट बी.ई. करून गेलेल्या आणि पहिलीच नोकरी लागलेल्या मुलाची संधी यानं कमी झाली. तीन-चार वर्षांचा अनुभव घेऊन गेलेला आणि त्याला साजेशा वरच्या पदावर लागलेला माणूस तुलनेनं बऱ्या जागी आहे. आज हातात असलेल्या नोकरीची ही एक किंमत आहे आणि ती पगाराच्या स्लिपवर दिसत नाही.

ग्रीन कार्डाचं, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचं, थोडक्यात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० निघतात आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्क्यांहून जास्त मिळू नयेत असा कायदा आहे. २०२५ च्या अखेरीस, मास्टर्सवाले ज्या ईबी-२ वर्गात मोडतात त्यात २०१३ साली रांगेत लागलेल्या भारतीयांची पाळी चालू होती. आज निघणाऱ्यानं ग्रीन कार्ड हिशेबात धरूच नये. मिळालं तर आनंद.

कर्जाचं गणित, एकदा कागदावर

समजा, चाकणच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात काम करणारी २६ वर्षांची मुलगी आहे. हातात महिना ६० हजार येतात, त्यातले २५ हजार शिल्लक राहतात. तिला अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मेकॅनिकलच्या एमएसला प्रवेश मिळतो. फी वर्षाला २०,००० डॉलर, राहण्या-खाण्याचा आणि विम्याचा खर्च १४,००० डॉलर. दोन वर्षांचे ६८,००० डॉलर. डॉलर ९० धरला तर ६१ लाख २० हजार रुपये. (२०१५ मध्ये डॉलर ६४ च्या आसपास होता. तेव्हा एवढ्याच डॉलरला साडेत्रेचाळीस लाख लागले असते.) तिची बचत आणि घरचे मिळून ११ लाख उभे राहतात, ५० लाखांचं कर्ज काढायचं ठरतं.

बँकेच्या मंजुरीपत्रावर पहिल्या पानावर ५० लाख हा आकडा ठळक असतो. खरा आकडा तो नाही. व्याज साडेदहा टक्के धरू. अर्धी रक्कम जाताना मिळते आणि अर्धी वर्षानं. दोन वर्षं शिक्षणाची आणि सहा महिने सवलतीचे हप्ता नाही, पण व्याज चालूच असतं. अडीच वर्षांनी पहिला हप्ता सुरू होईल तेव्हा कर्ज साडेसाठ लाख झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ८१,६०० रुपये. एकूण परतफेड ९८ लाखांच्या घरात. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता ६७ हजारांच्या आसपास येतो, पण एकूण परतफेड १ कोटी २० लाखांवर जाते.

मंजुरीपत्राच्या आतल्या पानांवरही नजर टाका. व्याजदर बदलता आहे का आणि कशाला जोडलेला आहे? सवलतीच्या काळात व्याज भरायचं की साठवायचं? बिगर-बँक वित्त कंपन्या अनेकदा पहिल्या महिन्यापासून व्याजाचा काही भाग मागतात आणि तो वडिलांच्या खात्यातून जातो. प्रोसेसिंग फी किती आहे, कर्जाबरोबर विमा गळ्यात मारलाय का आणि तारण काय लिहिलंय? घर तारण असेल तर ती ओळ घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावी. निवृत्तीला चार वर्षं राहिलेल्या वडिलांचा एकुलता एक फ्लॅट त्या ओळीत असतो.

करांचा थोडा दिलासा आहे. एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशांवर उगमस्थानी होणारी करवसुली, म्हणजे टीसीएस, नाही. स्वतःचे पैसे पाठवले तर वर्षाला १० लाखांच्या वर ती होते, पण विवरणपत्रात परत मिळवता येते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, मात्र ती जुन्या करप्रणालीत आणि भारतात करपात्र उत्पन्न असेल तरच उपयोगी.

आता गमावलेल्या पगाराबद्दल. दोन वर्षांचा सगळा पगार खर्चात मिळवला की आकडा भयंकर दिसतो. पण तिथल्या राहण्या-खाण्याचा खर्च आपण कर्जात एकदा धरलेला आहे. इथे राहिली असती तरी ३५ हजार खर्च झालेच असते. म्हणून गमावते ती बचत: २५ हजार गुणिले २४, म्हणजे ६ लाख आणि मधली वेतनवाढ. ही चूक दोन्ही बाजूंनी होते. कुणी गमावलेला पगार अजिबात धरत नाही, कुणी पूर्ण धरून घाबरतं.

"नोकरी लागली की अडीच वर्षांत फिटतं ना?"

हो, फिटतं. हे नाकारण्यात अर्थ नाही.

तिला टेक्साससारख्या, राज्याचा आयकर नसलेल्या ठिकाणी ९५,००० डॉलरची नोकरी लागली असं धरू. विद्यार्थी व्हिसावरच्या पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर कापला जात नाही, आणि भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावटही मिळते. महिना ६,८०० डॉलरच्या आसपास हातात येतात, त्यातून आरोग्यविमा जातो. भाडं, गाडी, जेवण यांतून वाचवून महिन्याला २,५०० डॉलर, म्हणजे सव्वादोन लाख रुपये कर्जाकडे वळवले तर साडेसाठ लाख सुमारे ३१ महिन्यांत फिटतात. ओपीटी ३६ महिन्यांची. म्हणजे व्हिसा लागो वा न लागो, पहिल्याच महिन्यात नोकरी लागली आणि मध्ये खंड पडला नाही तर ती कर्जमुक्त होऊन परतू शकते.

पण या हिशेबात फक्त ५ महिन्यांची फट आहे. नोकरी लागायला ३ महिने लागले, मध्ये एकदा ले-ऑफ झाला, पगार ८०,००० वर आला, की ती फट भरली. आणि नोकरी लागलीच नाही तर?

परतीचा हिशेब

सांगोल्याचा डाळिंबवाला बाग लावताना निर्यातीच्या भावावर कर्ज काढत नाही. दोन-अडीच वर्षं बहार धरायचा नसतो हे त्याला ठाऊक असतं, आणि तेल्या रोग आला तर हप्ता कुठून भरायचा याचं उत्तर तो आधी शोधतो. आपला निर्णयही असाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. यशाचा हिशेब सगळेच करतात, आणि तो बरोबरही असतो. निर्णय मात्र परतीच्या हिशेबावर घ्यावा.

आपल्या उदाहरणातली मुलगी पदवी घेऊन, नोकरी न लागता पुण्यात परत आली. एमएस आणि आधीचा अनुभव मिळून एखाद्या परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या केंद्रात तिला महिना १ लाख १० हजार हातात येणारी नोकरी लागली. चांगली नोकरी आहे. त्यातले ८१,६०० बँकेचे. उरतात २८,४००. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातात ६० हजार पडत होते. आता पगार जवळजवळ दुप्पट, आणि हातात निम्म्याहून कमी. हे दहा वर्षं. या दहा वर्षांत लग्न, घर, आईवडिलांची आजारपणं सगळं येतं.

म्हणून कर्जाची मर्यादा डॉलरच्या पगारावरून न ठरवता परतल्यावर मिळेल त्या रुपयांच्या पगारावरून ठरवावी. त्या पगाराच्या ४० टक्क्यांहून जास्त हप्ता नसावा. हा कुठल्या बँकेचा नियम नाही, माझा अंदाज आहे, पण अनेक घरांचे हिशेब पाहून तो पक्का झालाय. १ लाख १० हजारांचे ४० टक्के म्हणजे ४४ हजार. साडेदहा टक्के आणि दहा वर्षं धरली तर एवढ्या हप्त्यात मूळ कर्ज २७ लाखांच्या आसपास बसतं.

५० लाख लागतात आणि २७ लाखच झेपतात. मग जाऊच नये का? तसं नाही. मधले २३ लाख कर्जाशिवाय कुठून येतील, एवढाच आता प्रश्न आहे. तो "जाऊ की नको" यापेक्षा पुष्कळ सोपा आहे, कारण त्याला उत्तरं आहेत.

२३ लाख कुठून कमी होतील

पहिलं उत्तर आहे ती नोकरीच. आणखी दोन वर्षं थांबून महिना ३५-४० हजार बाजूला टाकले तर ९ लाखांच्या आसपास जमतात, आणि अनुभव वाढतो तो वेगळा.

दुसरं, शिष्यवृत्त्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्या जमातींसाठी, सारथीमार्फत मराठा समाजासाठी आणि खुल्या प्रवर्गासाठीही राज्याच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी प्रत्येक वर्षीच्या जाहिरातीत वाचून घ्याव्यात, कारण त्या बदलतात. विनाअट प्रवेशपत्र हातात लागतं. १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे. गावाकडच्या मुलांपर्यंत ही नावं पोचत नाहीत आणि अर्जाची तारीख उलटून जाते, याची खरंच हळहळ वाटते. ज्याला मिळू शकते त्यानं विद्यापीठांची यादी करताना शिष्यवृत्तीच्या अटी शेजारी ठेवूनच करावी.

तिसरं उत्तर फार थोडे जण विचारात घेतात: पीएचडी. अमेरिकेत बी.ई.नंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, आणि इंजिनिअरिंगमध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी सहसा माफ असते, शिवाय शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मासिक मानधन मिळतं. कर्ज लागत नाही. पण पाच-सहा वर्षं एका प्रश्नामागे लागायची मनापासून तयारी हवी. फी वाचते म्हणून पीएचडीला जाणं म्हणजे पाच-सहा वर्षं कष्टात काढणं. संशोधनाची ओढ असेल तर मात्र हा मार्ग एमएसपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. ज्यांना शिकायचंय पण बाहेरच जायचंय असं नाही, त्यांच्यासाठी गेट देऊन आयआयटीत एम.टेक.चा मार्ग आहेच. तिथे महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं.

जर्मनी स्वस्त आहे, मग तिकडे?

बहुतेक जर्मन राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत फी जवळपास नाही, फक्त सेमिस्टरचं किरकोळ शुल्क. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे, मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो.

व्हिसासाठी एक गोठवलेलं खातं लागतं. त्यात वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला ९९२ युरो काढायचे. रुपयांत हे १२ लाखांवर जातं. शिवाय भारतीय पदव्यांची पडताळणी करणारं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. दोन वर्षांचा सगळा खर्च धरला तरी कर्ज २७ लाखांच्या आत बसू शकतं, म्हणजे परतीचा हिशेब इथे जुळतो. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

अडचण दुसरीकडे आहे. इंग्रजीतून शिकवणारे अभ्यासक्रम भरपूर आहेत, पण कारखान्यातली मीटिंग जर्मनमध्ये चालते. बी-१ किंवा बी-२, म्हणजे मधल्या पातळीची भाषा येत नसेल तर १८ महिने भराभर संपतात. शिवाय ज्या गाडी उद्योगाच्या भरवशावर आपली मेकॅनिकलची मुलं जातात, तोच आक्रसतोय. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० जागा कमी करायचं ठरवलं, आणि बॉशनं सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० जागा कमी करण्याची घोषणा केली. जाऊ नये असं मी म्हणत नाही. नोकरी चालू असतानाच पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये भाषा सुरू करावी. दीड-दोन वर्षं सलग भाषा शिकणं झेपलं, तर तो निर्णय आपोआप पक्का होतो. सहा महिन्यांत कंटाळा आला तर तेही वेळेवर कळलं.

ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षात होतं, म्हणून पगारही एकाच वर्षाचा बुडतो. मात्र शिक्षणानंतर थांबायची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना २ वर्षांवरून १८ महिन्यांवर येते आहे, आणि कामाच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांपर्यंत वाढली. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांना त्यात सवलत आहे, तरी सुरुवातीचे अनेक पगार त्याच्याही खाली असतात.

कुणाचं ऐकावं

कन्सल्टंटकडून अर्ज भरून घ्यायला हरकत नाही. पण फी न घेणारा कन्सल्टंट चालतो कशावर, हे विचारा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातल्या अनेक विद्यापीठांकडून त्याला प्रत्येक प्रवेशामागे कमिशन मिळतं. ज्या विद्यापीठाकडून कमिशन नाही, ते त्याच्या यादीत वर येत नाही.

विद्यापीठाच्या प्लेसमेंटच्या टक्केवारीत एकच गोष्ट पाहा: ती टक्केवारी कितीपैकी? पास झालेल्या सगळ्यांपैकी, की सर्वेक्षणाला उत्तर दिलेल्यांपैकी? ज्यांना नोकरी लागली नाही ती मुलं सहसा उत्तर देत नाहीत.

त्यापेक्षा त्याच विभागातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या चार-पाच मराठी, भारतीय मुलांना शोधून विचारा. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या आतेभावाचा सल्ला प्रेमाचा असतो, पण तो वेगळ्या बाजारात उतरला होता. कुठली कंपनी कोणत्या पदासाठी, किती पगारावर परदेशी माणूस घेते, याच्या नोंदी अमेरिकेचं श्रम खातं जाहीर करतं. आपल्या कामाच्या नावानं त्या शोधल्या तर एका संध्याकाळीत बरंच चित्र स्पष्ट होतं.

"आता नाही गेलो तर वय निघून जाईल"

ही भीती खरी आहे, पण तिची मुदत आपल्याला वाटते त्यापेक्षा लांब आहे. दोन ते पाच वर्षांचा अनुभव घेऊन एमएसला येणारे वर्गात भरपूर असतात. चोवीसाव्या वर्षी गेलेल्याला काय शिकायचं हेच नीट माहीत नसतं. अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेल्याला आपल्या कामात काय कमी पडतंय ते ठाऊक असतं, आणि अर्जासोबतच्या निवेदनात तो ते नेमकं लिहू शकतो. तिशी ओलांडून, घर-संसार घेऊन जाणं मात्र अवघड होत जातं. जोडीदाराला तिथे काम करता येईल का, हा प्रश्न तेव्हा फीपेक्षा मोठा असतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला अमेरिकेत नोकरी करता येत नाही.

मुलींच्या बाबतीत घरच्यांची आणखी एक घाई असते ती लग्नाची. तिच्यासाठी निर्णयाची तारीख दुसऱ्या कुणी ठरवू नये, एवढंच म्हणतो.

राजीनामा कधी द्यावा

अर्ज करायला राजीनामा लागत नाही. अमेरिकेतल्या ऑगस्टच्या सत्रासाठी बहुतेक अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीत जातात, उत्तरं मार्चपर्यंत येतात. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायचं बंधन नसतं, असा अनेक अमेरिकी विद्यापीठांचा आपसांतला ठराव आहे. परीक्षा, अर्जाची फी, गुणपत्रकं यावर लाखभर रुपये जातात. ही रक्कम लहान नाही, पण एवढ्यावर आपल्याला प्रवेश, फी आणि कर्जाचा दर हे तिन्ही आकडे कागदावर मिळतात. निर्णय त्यानंतर घ्या. नाही म्हणायचं ठरलं तर नोकरी जागेवर आहे.

खरी गाठ पडते ती नोटीस पिरियडची. कंपनीत ९० दिवसांची नोटीस आणि ऑगस्टच्या मध्याला वर्ग. म्हणजे मेच्या सुरुवातीला राजीनामा द्यावा लागतो, पण तेव्हा व्हिसाची मुलाखत झालेली नसते. २०२५ मध्ये तर अमेरिकेनं मेअखेरपासून १८ जूनपर्यंत नव्या मुलाखतींच्या तारखा देणंच थांबवलं होतं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासाबाहेर उभ्या असलेल्या अनेकांनी तोवर नोकरी सोडलेली असते, आणि मुलाखत मात्र काही मिनिटांत संपते.

यातून वाट काढता येते. नियुक्तीपत्र काढून नोटीसचे दिवस पैसे भरून कमी करता येतात का ते जानेवारीतच पाहा. एखादा बाँड किंवा जॉइनिंग बोनस परत करायची अट राहिली आहे का, तेही त्याच कागदावर असतं. प्रवेशाचं पत्र आल्याबरोबर विद्यापीठाकडून आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा अधिकृत कागद, मागवा, कारण व्हिसाची तारीख त्याशिवाय घेता येत नाही. प्रवेश सहा महिने किंवा वर्षभर पुढे ढकलता येतो का, हे विभागाला लेखी विचारून ठेवा. अनेक ठिकाणी येतो, मात्र आर्थिक मदत पुढच्या वर्षी टिकेलच असं नाही. विश्वासातला मॅनेजर असेल तर त्याला एप्रिलमध्ये तोंडी कल्पना द्या. लेखी राजीनामा पासपोर्टवर व्हिसा आल्यावर द्या, आणि उरलेल्या नोटीसचे पैसे भरावे लागले तर ते ६१ लाखांच्या हिशेबात आधीच धरून ठेवा.